विहिरीतून हाक कोण मारतंय, ते विचारून कळवणे

तीर्थस्वरूप वन्संना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून (म्हणजे कंबर परवानगी देईल तेवढंच वाकून) नमस्कार. तुमचं पत्र परवा पोचलं. गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय ना, मग गच्चीवर कपडे वाळत घालायला कोण जातं ते मला नीट लिहा. "सगळं ठीक आहे" असं मोघम लिहू नका, तुमचं "सगळं ठीक" मी तेहतीस वर्षं ओळखते. आम्ही इकडे ठीक आहोत, आणि हे मी मोघम लिहीत नाही, खरंच ठीक आहोत. ते कसं काय, हे सांगायलाच आज शिवणाचं मशीन बंद करून बसले आहे. (दोन पँटी आणि एक झिप माझी वाट बघताहेत. बघू देत.)

आधी कामाचं. येत्या वीस तारखेला तुम्ही भाचेबुवांना घेऊन गाडी करून येणार आणि तुमच्या भावाला तिकडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन जाणार, असं लिहिलंय. ते रद्द करा. गाडीवाल्याला आजच नको म्हणून कळवा. वन्सं, हे बोलायला लागले! हे वाक्य लिहून मी ते एकदा मोठ्यानं वाचूनही पाहिलं.

आता सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुम्हाला अर्धंच माहीत आहे आणि उरलेलं अर्धं मी लपवलं होतं. रिटायर झाल्यापासून हे "जरा कमी" बोलतात, असं मी तुम्हाला कळवलं होतं. ते "जरा" मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून घातलं होतं. खरं म्हणजे सात महिने यांनी तोंडातून एक अक्षर काढलेलं नव्हतं. एकतीस वर्षं स्टँडवर माइकसमोर बसून ज्या माणसानं सगळ्या गावाला कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगितलं, त्याची ही गत. झालं काय, तर नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात यांना भिंतींना स्पंज लावलेल्या एका खोलीत तीन दिवस बसवलं आणि एक ते नव्याण्णव आकडे, सगळ्या गावांची नावं, "फलाट क्रमांक", "उशिरा सुटेल", "तसदीबद्दल दिलगीर आहोत", असं सगळं सुटंसुटं म्हणून घेतलं. हे खुशीत होते. मला म्हणाले, आवाजाचा दर्जा तपासताहेत. दर्जा कसला डोंबलाचा! ते तुकडे सगळे मशीनमध्ये घातले, आता मशीनच ते जोडून बोलतं, आणि यांना भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. बरं, आमचं घर कुठे, तर स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून, दुसऱ्या मजल्यावर. दिवसभर खिडकीतून यांचाच आवाज घरात येतो आणि हे खुर्चीत बसून तो ऐकतात. मी काही विचारलं की हे खिडकीकडे बोट दाखवायचे. म्हणजे, बोलतोच आहे की मी तिकडे, अजून किती बोलू.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, पंचविशीतल्या माणसाचा घसा आहे. मी म्हटलं, मग पंचविशीतल्यासारखे भांडत का नाहीत? त्यावर त्यांनी माझ्याकडेच जरा काळजीनं पाहिलं. घरात यांनी चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. "मीठ." "चष्मा कुठे." "पाय दुखतो." मी त्या मोठ्यानं वाचायची आणि उत्तर द्यायची, म्हणजे यांचं आणि माझं असं दोघांचंही मीच बोलायची. (तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय. म्हणा.) पण वन्सं, एक सांगते. तेहतीस वर्षं या माणसानं मला "अगं" म्हणून हाक मारली. खिडकीतून यांचा आवाज सतत यायचा, पण त्यात सगळ्या गावांची नावं होती आणि तेवढा "अगं" नव्हता. मशीनमध्ये तो कोण कशाला भरून ठेवेल? मी शिवता शिवता उगाच पाय थांबवून कान द्यायची. रडलेही पुष्कळदा. तेही लपवलं होतं, आता सांगून टाकते.

आता यातून सुटका कशी झाली ते ऐका, आणि कृपा करून हसू नका. आपली धाकटी लेक सुट्टीच्या दिवशी ऑफिसातली मित्रमंडळी जमवून टेबलाभोवती एक खेळ खेळते, हे तुम्ही तिच्या लग्नाआधीपासून ऐकताय. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आम्ही आता अमुक करतो म्हणून सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फाशावर ठरतं. तिशीला टेकलेली घोडी झाली तरी चाललेलं असतं. या खेळाची पुस्तकं उशीएवढी जाड असतात. म्हणून ती काढणारे प्रकाशक आधी इंटरनेटवर थोडंथोडं फुकट देतात: नियमांची पातळ वही, एखादी छोटी मोहीम (म्हणजे खेळायची गोष्ट), नकाशा, तयार पात्रं. कापडवाला नमुन्याचा तुकडा देतो ना, तसंच. अट एवढीच की आपला ईमेलचा पत्ता द्यायचा, आणि एका प्रकाशकाकडून एका पत्त्याला एकच मोहीम. आमच्या बाईसाहेबांनी स्वतःचा पत्ता दिला, मग जावयांचा दिला, मग सासऱ्यांचा दिला (त्यांना आता दर मंगळवारी ईमेलवर एक राक्षस येतो आणि ते तो बँकेचा निरोप समजून जपून ठेवतात), आणि शेवटी बापाचा दिला. महिन्याभरात यांच्या ईमेलवर एक्केचाळीस फुकट वस्तू येऊन पडल्या आणि ही मात्र ते साफ विसरून गेली.

तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. हातात आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवतील तर शपथ. एका दुपारी हे खाली औषधवाल्यांच्या दुकानात गेले, त्यांच्या प्रिंटरवर त्यातल्या एका मोहिमेची सव्वीस पानं काढून आणली आणि खुर्चीत बसले. आता त्या पानांत ठिकठिकाणी काळी चौकट असते, आणि चौकटीवर लिहिलेलं असतं की हा मजकूर खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवावा. झालं! एकतीस वर्षं कंट्रोलरच्या चिठ्ठीवर "वाचावे" असं लिहून यायचं आणि हे वाचायचे, कधी का म्हणून विचारलं नाही. पानं इंग्रजीत होती, पण स्टँडवरची चिठ्ठीही यायची ऑफिसच्या भाषेत आणि हे ती बघता बघता आपल्या भाषेत म्हणायचे, त्यामुळे तीही अडचण नव्हती. कागद म्हणतोय मोठ्याने वाचा, तर वाचायला हवं.

मी आत पडद्याला टीप घालत होते. आवाज आला: "तुमच्यासमोर ओलसर भुयार आहे. डावीकडून कुजका वास येत आहे." मला वाटलं, खिडकीतूनच आला. मग तेच परत आलं, शब्दाला शब्द, कारण स्टँडवर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची असते. आणि वन्सं, मी काय केलं सांगू? कुजका वास म्हटल्याबरोबर मी मोरीत धावले आणि जाळी उचलली. सात महिने मी यांना त्या मोरीकडे एकदा बघा म्हणून सांगत होते ना! गुडघ्यावर बसून, हात आत घालून दोन मिनिटं मी खरोखर वास शोधत होते. मग डोक्यात प्रकाश पडला की अगं बाई, स्टँडवरून भुयाराला गाडी कधीपासून सुटायला लागली? हे शब्द तर मशीनमध्ये नाहीतच! तशीच ओल्या हातांनी धावत बाहेर आले. हे दचकले, आणि चोरी पकडल्यासारखा कागद वर धरून चौकटीवर बोट ठेवलं, की लिहिलंय म्हणून वाचलं. रागवावं, रडावं की मिठी मारावी (मोरीच्या हातांनी?) ते मला कळेना. शेवटी एवढंच म्हटलं, पुढचं वाचा. यांनी पुढचं वाचलं. दोनदा.

मी लगेच धाकटीला फोन केला. ती आधी शरमली, मग हसली, मग बरीच रडली आणि म्हणाली, आई, तीन खेळाडू जमव, बाबांना मास्टर कर. मास्टर म्हणजे गोष्ट सांगणारा. आता आमच्या वयात खेळाडू कुठून आणायचे? औषधवाल्यांना सांगितलं, ते रविवारी दुपारी मोकळे असतात. दुसरे यांच्याबरोबरचे रिटायर झालेले कंडक्टर भाऊजी, ते सगळ्याच दिवशी मोकळे असतात. तिसरी मी. हे स्पष्ट सांगते, की मी खेळत नाही. मी नुसती आकडा भरायला बसते. विणकाम हातात घेऊन बसते.

तयारीत एक गुन्हा घडला, तोही सांगते. फुकटच्या पानांत कापून उभी करायची कागदी माणसं होती. ती यांनी माझ्या कापडाच्या कात्रीनं कापली. वन्सं, कापडाच्या कात्रीनं! कागद! एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण नेमकं त्याच वेळी हे तोंडानं गुणगुणत होते, म्हणून दात-ओठ चावून गप्प बसले. फासे मात्र फुकट नव्हते, आणि लागतो तो वीस बाजूंचा. यांनी कागदाचा करून पाहिला, तो डिंकाच्या गठ्ठ्यावर बसून दर वेळी चारच दाखवायचा. मग औषधवाल्यांनी गोळ्यांची रिकामी बाटली आणली, त्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या, आणि बाटली हलवून एक काढायची असं ठरलं. पात्रं वाटली. औषधवाल्यांना वैद्य देत होतो, तर ते हात जोडून म्हणाले की दिवसभर लोकांना बरंच करतो, रविवारी तरी कुणाला मारू द्या. ते योद्धा झाले. कंडक्टर भाऊजी मांत्रिक झाले. उरली एक चोरटी: दोर, आकडा आणि मऊ तळाचे जोडे. ती माझ्या गळ्यात पडली. उभ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकाचं बटण ठेवून घेतलं नाही आणि मला चोरटी!

पहिल्या रविवारचा फजितवाडा काय वर्णावा. चौकटीतलं मोठ्याने वाचायचं असतं आणि चौकटीबाहेरचं, म्हणजे सापळा कुठे, राक्षस कुठे, ते मास्टरनं मनात ठेवायचं असतं. हे यांना कोण सांगणार? आणि सांगून पटणार? गाडीचा फलाट बदलला आणि तुम्ही प्रवाशांना सांगितला नाही, असं कधी झालंय का? यांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, खेळाडूंनी कृपया लक्ष द्यावे, तिसऱ्या पायरीखाली भाल्यांचा सापळा आहे, तरी सर्वांनी चौथ्या पायरीचा वापर करावा, तसदीबद्दल दिलगीर आहोत. मग तेच पुन्हा. पुढे दाराआडच्या पाच राक्षसांची वेळेसकट माहिती. आम्ही कुणाला ओरखडाही न काढता पंचवीस मिनिटांत बाहेर. औषधवाल्यांची तलवार म्यानातच राहिली, तोंड एवढंसं झालं त्यांचं. आणि कंडक्टर भाऊजी मंत्रबिंत काही म्हणेनात, ते भुयाराच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येक राक्षसाला कुठे उतरणार ते विचारायला लागले. मागे सरका, मधे जागा आहे, असंही एकदा म्हणाले. मी हसून हसून तीन टाके पाडले. पण हे हसत नव्हते. हे घाम पुसत पुढचं पान लावत होते.

धाकटीनं फोनवर समजावलं की बाबा, ते सांगायचं नसतं, त्यातच गंमत आहे. हे ऐकून घेऊन चिठ्ठीवर लिहिते झाले: "लोक पडतील." (अजून एरवी चिठ्ठीच चालू होती, बोलणं फक्त कागदावरचं.) मी म्हटलं, पडू देत की, पडायलाच येतात ते. दुसऱ्या रविवारी यांनी चौकटीबाहेरच्या मजकुरावर माझी मोजपट्टी ठेवली, म्हणजे चुकून वाचला जायला नको. औषधवाले तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायला निघाले की यांच्या कपाळावर शीर उठायची, ओठ थरथरायचे, पण सांगितलं नाही. औषधवाले पडले. भाला मांडीत घुसला. इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही, ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन दिवस सांगत होते. आणि यांच्या चेहऱ्यावर काय आलं म्हणून सांगू, चोरून साखर खाल्लेल्या पोराचं हसू!

मला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं. तिसऱ्या रविवारी खेळ रंगात आला. आम्ही भुयाराच्या टोकाला एका जुन्या विहिरीशी पोचलो. चौकट होती, यांनी वाचली: विहिरीत अंधार आहे, आणि खालून तुमच्यापैकी एकाला कुणीतरी हाक मारत आहे. कुणाला, विचारलं. यांनी पान उलटलं. मागे चित्र होतं आणि खाली एक ओळ, की पुढे काय होतं ते संपूर्ण पुस्तकात वाचा. फुकटचा तुकडा तिथंच कापलेला, ऐन टाक्यावर! यांनी पानं जुळवली, टोकं टेबलावर ठोकून सारखी केली, आणि बाजूला ठेवून दिली. कंट्रोलरची चिठ्ठी संपली, की बोलणंही संपलं. आणि पुन्हा खिडकीकडे बोट.

वन्सं, तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मी धाकटीला म्हटलं, ते पुस्तक आत्ताच्या आत्ता घे. तर कळलं की पुस्तक अजून निघालेलंच नाही, पुढच्या वर्षी निघणार आहे, हा तुकडा त्याची चव म्हणून दिलेला. मी यांच्यापुढे बाकीच्या चाळीस फुकट वस्तू मांडल्या. आकाशातली जहाजं आहेत, समुद्रातले लुटारू आहेत, बोलणारे उंदीर आहेत, घ्या यातलं काहीही आणि वाचा. यांनी चिठ्ठी लिहिली: "ती गाडी या फलाटाची नाही." मग त्या चिठ्ठीचंही उत्तर मीच मोठ्यानं दिलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला डॉक्टरांचं विचारणारं ते रडकं पत्र मी त्याच दिवशी टाकलं होतं. गाडी करून या, असं मीच, खरं कारण न सांगता, लिहिलं होतं ना? ते हे.

चौथ्या रविवारी येऊ नका म्हणून सांगायचं मी विसरले (की मुद्दाम विसरले, देव जाणे), आणि ठरल्या वेळी औषधवाले बाटली घेऊन आणि कंडक्टर भाऊजी रिकाम्या हातांनी हजर. चहा झाला. सगळे टेबलाशी बसलो. हे पानांकडे बघत बसलेले, त्या पानांत पुढचं काही नाही. मला काय झालं कोण जाणे, मी विणकाम खाली ठेवलं आणि म्हटलं, मी विहिरीत उतरते. यांनी मान हलवली, म्हणजे कागदात नाही. मी म्हटलं, कागदात नसू दे, दोर माझ्याकडे आहे, आकडा माझ्याकडे आहे, मी दोर काठाला बांधला आणि हे बघा, उतरले. एक हात, दोन हात, तीन हात खाली गेले. आता? आणि यांच्या डोळ्यांत बघत राहिले. तेवढ्यात खिडकीतून यांचाच आवाज आला, फलाट क्रमांक सहावरची कुठलीशी गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटेल.

हे उठले आणि त्यांनी खिडकी लावली. सात महिन्यांत पहिल्यांदा. कडी घातली, परत येऊन बसले, शेवटचं पान पालथं केलं, कोऱ्या बाजूकडे जरा वेळ बघितलं, आणि एकदम हात पुढे करून ओरडले:

"अगं, थांब! दोर कुजलाय!"

दोनदा नाही हो वन्सं. एकदाच म्हणाले.

औषधवाले बाटली हलवायची विसरले. मी काय केलं असेल? मी रडले. टेबलावर डोकं ठेवून, दोन परक्या पुरुषांसमोर, भोकाड पसरून रडले. कंडक्टर भाऊजींना वाटलं मी दोराच्या काळजीनं रडते आहे, ते मला धीर द्यायला लागले की वहिनी, घाबरू नका, मांत्रिक वर उभा आहे. आणि हे घाबरून म्हणाले, अगं पण अजून तुटला नाही, एक पीळ शाबूत आहे, एवढं काय. तो म्हणजे दुसरा "अगं". त्या दिवशी मी आठ मोजले.

तेव्हापासून हे बोलताहेत. कागद नाही, चिठ्ठी नाही, यांचं स्वतःचं बोलणं. खिडकी आता आम्ही वाऱ्यासाठी उघडतो, आणि आवाज आला की हे म्हणतात, "ऐक, तिथे मी जरा घाईत म्हटलंय." धाकटीनं त्या प्रकाशकांना कळवलं म्हणे, की तुमच्या फुकटच्या सव्वीस पानांनी माझा बाप परत दिला. त्यांचं उत्तर आलं, आभार, आणि सोबत आणखी एक फुकट मोहीम. ती मी यांना दाखवलेली नाही. सध्या यांना कागदाची गरज नाही.

तेव्हा मोठे डॉक्टर नकोत, गाडी नको, तुम्ही गुडघ्याला तेल लावून स्वस्थ बसा. इतक्या महिन्यांनी मला काल दुपारी बसल्या जागी झोप लागली, आणि यांनी "अगं, चष्मा कुठाय" म्हणून उठवलं, आणि मी रागावलेसुद्धा नाही. भाचेबुवांना आशीर्वाद, सूनबाईंना आशीर्वाद, बाळाचा गालगुच्चा घ्या. तुम्हाला पुन्हा एकदा, कंबरेपुरता, नमस्कार.

तुमची,
भावजय

ता. क. – यांचं बोलणं जरा जास्तच झालंय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चहा झाला की "चहा टेबलावर लागलेला आहे" असं दोनदा सांगतात. काल एका बाईंची कंबर मोजत होते तर हे आतून आकडा पुकारायला लागले. ती बाई पुन्हा येईल असं वाटत नाही. आठवडाभर तुमच्याकडे पाठवू का?

ता. क. दुसरा – पाठवत नाही. उलट गाडी रद्द करू नका, तुम्हीच या, वीस तारखेला रविवारच आहे. डॉक्टरांसाठी नाही. औषधवाले महिनाभर मुलाकडे चाललेत आणि तीन खेळाडू नसले तर खेळ होत नाही. वैद्य रिकामा आहे. तुम्ही लोकांना पथ्य सांगत असताच, वेगळं काही करावं लागणार नाही. जिना चढताना भाचेबुवांचा हात धरा.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून पत्र फाडून टाका – मी नुसती आकडा भरायला बसते असं वर लिहिलंय ते खोडलेलं समजा. वन्सं, मी अजून त्या विहिरीतच लटकले आहे! दोराचा एक पीळ उरलाय, मी शिवणारी बाई, मला कळतं एक पीळ म्हणजे काय. खालून हाक मारणारा मलाच हाक मारतोय, एवढं यांनी सांगितलं. आवाज तुझ्या ओळखीचा आहे, असंही म्हणाले. पण कोण, ते सांगत नाहीत. ज्या माणसानं एकतीस वर्षं प्रवाशांपासून एक फलाट लपवला नाही, तो मला चहा देताना गालातल्या गालात हसतो आणि म्हणतो, रविवारी बघू. सात महिने हा माणूस काही सांगत नव्हता म्हणून मी रडत होते, आणि आता सांगत नाही म्हणून माझं शिवणात लक्ष नाही, दोन पँटींचे पाय उलटे जोडले. तुम्ही थोरल्या बहीण, तुमचं ते लहानपणापासून ऐकतात. फोन करा, दरडावून विचारा, आणि काय ते औषधवाल्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर मला कळवा (घरी आलेला कागद हे वाचल्याशिवाय सोडायचे नाहीत, आणि औषधवाले अजून गेलेले नाहीत). रविवारच्या आत.